पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलायचंय, मधली नळी आणि शिम ठेवायच्या की काढून टाकायच्या?

क्रोमबंपर
नमस्कार मंडळी. गाडी एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७२ ची, साधी स्टीलची चाकं, वायर व्हील नाहीत. बरेच महिने उभी होती, आता परत चालवायला लागलोय तर पुढून डावीकडून घुर्रर्र असा आवाज येतो, ताशी ५०च्या आसपास सुरू होतो आणि वेगाबरोबर वाढत जातो, न्यूट्रल केली तरी तसाच, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सचा नाही. उजवीकडे वळताना जास्त, डावीकडे वळताना जवळजवळ बंद. अजून एक, वळणावळणाच्या रस्त्यावरून आलं की पहिला ब्रेक खोल जातो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की नीट लागतो. ब्रेक ऑइल कमी झालेलं नाही, गळती कुठे दिसत नाही.

चाक उचलून वर-खाली हलवलं तर टकटक लागते. दोन्ही बेअरिंग आणि ऑइल सील आणून ठेवलेत. आता खरा प्रश्न असा की मॅन्युअल म्हणतं आतल्या आणि बाहेरच्या बेअरिंगच्या मधे स्पेसरची नळी, त्यावर शिम म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्या, आणि नट ४० ते ७० फूट-पौंडाला (आवळायच्या जोराचं माप) आवळायचा. माझा मित्र म्हणतो नळी आणि शिम बाजूला ठेव, नट हातानं आवळ, किंचित मागे घे, कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालायची पिन) घाल, विषय संपला, सगळ्या जुन्या गाड्यांना असंच असतं. तो हे काम रोज करतो, हात चांगला आहे त्याचा, त्यामुळे त्याचं म्हणणं उडवूनही लावता येत नाही. पण ७० फूट-पौंड आणि हातानं आवळणं यात एवढं अंतर कसं? दोन्ही बरोबर असेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही, नीट करायचंय.

हातपाना
शिमचं जाणकार सांगतीलच, मी आधीचं सांगतो. खोलण्याआधी टकटक बेअरिंगचीच आहे ना ते पक्कं करा. एमजीबीला पुढे किंग पिन असते, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती, आणि तिचे बुश झिजले की चाक असंच वर-खाली हलतं, लोक बेअरिंग बदलतात आणि टकटक तशीच राहते. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, वर-खाली धरून हलवत राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक पेडल दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले म्हणजे ढिलेपणा गायब झाला तर तो बेअरिंगमधला, कारण पॅडनी डिस्कला म्हणजे पर्यायानं हबला, चाक ज्यावर बसतं त्या भागाला, धरून ठेवलं. ब्रेक दाबूनही हलतंय तर किंग पिन किंवा तिच्या खालचे बुश बघा. आणि मग हात नऊ-तीनवर ठेवून आडवं हलवा, फक्त आडवंच हलत असेल तर टाय रॉडच्या जोडाकडे बघायचं.

तुमच्या बाबतीत मला बेअरिंगच वाटतंय. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं, तेव्हा आवाज वाढतो, डावीकडे वळताना भार उतरतो तर बंद होतो, हे अगदी सरळ आहे. ब्रेकचंही त्यातच येतं. हब डुलतो म्हणजे डिस्क डुलते, डुलणारी डिस्क पॅडना आणि त्यामागच्या पिस्टनना कॅलिपरमधे आत ढकलते, मग पहिल्या दाबाला ते अंतर भरून काढण्यातच पेडल खाली जातं. मास्टर सिलिंडरच्या मागे लागू नका, बेअरिंग झाल्यावर परत बघा.

वंगणवाला
हातपाना यांनी निदानाचं बरोबर सांगितलंय. नळीबद्दल मी लिहितो, थोडं लांबेल पण हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही जुन्या गाडीचा हब निर्धास्त उघडता येतो.

तुमच्या गाडीत निमुळत्या रोलरचं बेअरिंग आहे, ज्याला आपण टेपर रोलर म्हणतो. हेन्री टिमकेननं याचं पेटंट १८९८ मधे घेतलं आणि तेव्हापासून चाकाच्या हबमधे ते ठाण मांडून बसलंय, कारण ते गाडीचं वजनही पेलतं आणि वळताना येणारा आडवा रेटाही पेलतं. पण एक बेअरिंग एकाच बाजूचा रेटा घेऊ शकतं, म्हणून दोन लावायची, तोंडं उलट दिशेला. आणि कोन (रोलरसकट दांड्यावर बसणारं आतलं कडं) आणि कप (हबमधे बसणारं बाहेरचं कडं) निमुळते असल्यामुळे दोघं एकमेकांच्या किती जवळ आणले यावर रोलर किती दाबले जातात ते ठरतं. जास्त जवळ आणले तर तापून निळे पडतात, लांब राहिले तर हब डुलतो. हे अंतर सांभाळायच्या दोन पद्धती आहेत आणि तुमच्या मित्राचं आणि मॅन्युअलचं भांडण तिथेच आहे.

पहिली पद्धत, मधे काहीच नाही. नट आवळला की त्याचा सगळा जोर थेट बाहेरच्या कोनावरून रोलरवर जातो. तिथे नट हा आवळायचा नट नसतोच, तो अंतर लावायचा स्क्रू असतो. म्हणून हब फिरवत फिरवत जरा आवळायचा म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, मग सैल करून बोटांनी टेकवायचा, मागे घ्यायचा, पिन. तुमचा मित्र हेच म्हणतोय आणि त्या गाड्यांसाठी ते शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरी पद्धत तुमची. नट आवळला की वॉशर, बाहेरचा कोन, शिम, नळी, आतला कोन, मागची सीलची कॉलर आणि हब ज्यावर फिरतो त्या दांड्याचा, म्हणजे स्टब अ‍ॅक्सलचा खांदा अशी सगळी एक घट्ट माळ दाबली जाते. जोर रोलरवर जात नाही, नळीवर जातो. दोन कोनांमधलं अंतर नळी अधिक शिम एवढंच राहणार, तुम्ही ४० ला आवळा नाहीतर ७० ला. शिम वाढवली की कोन लांब जातात आणि प्ले वाढतो, शिम काढली की प्ले कमी होतो, एवढं लक्षात ठेवा, कारण काम करताना हे उलटं वाटायला लागतं.

आता या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की घात होतो. नळी काढून मॅन्युअलचा ४० फूट-पौंड दिला तर बेअरिंग बारीक होणार. नळी ठेवून नट हातानं टेकवून सोडला तर माळ घट्ट होत नाही, कोन अ‍ॅक्सलवर हळूहळू फिरतो आणि अ‍ॅक्सल खात जातो. म्हणून नटाला हात लावायच्या आधी मधे नळी आहे का नाही हे माहीत पाहिजे.

निळा_बीटल
वंगणवाला यांचं वाचून माझ्या बीटलचं लिहावंसं वाटलं, ती बरोब्बर पहिल्या पद्धतीची आहे. नळी वगैरे काही नाही, प्ले ०.०३ ते ०.१२ मिमी ठेवायचा, डायल गेज म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप लावून. आणि ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, बीटलच्या डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो, डाव्या डस्ट कॅपमधून स्पीडोमीटरची केबल जाते, तिची बारीक क्लिप आधी काढावी लागते. तिथे जोर लावत बसलात तर कॅपही जाईल आणि केबलही.

जुन्या मर्सिडीज डब्ल्यू१२३ ला तर ०.०१ ते ०.०२ मिमी इतकाच प्ले सांगितलाय, तोही नट चिमटवून धरणारा अ‍ॅलन स्क्रू असल्यामुळे जमतो, हवं तिथे थांबवता येतं. कॉटर पिनवाल्या गाडीत ते जमणार नाही. हिशेब करून बघा, दीड मिमीच्या आट्याचा कॅसल नट, म्हणजे पिनेसाठी कडेला सहा खाचा असलेला नट, एक खाच म्हणजे ६० अंश फिरवला की पाव मिमी सरकतो. अ‍ॅक्सलला दोन आडवी भोकं असतील तर अर्ध्या खाचेवर थांबता येतं, म्हणजे ०.१२५ मिमी. मागे घेताना पुढचं भोक मिळालं तिथेच थांबायचं, अजून एक खाच मागे गेलात की खटखट आलीच. काही गाड्यांत साधा सहा कोनी नट आणि त्यावर पत्र्याची खाचावाली टोपी असते, ती फिरवून वेगवेगळ्या तऱ्हेनं बसवता येते म्हणून पिन हव्या त्या जागी येते, ती टोपी फेकू नका.

जुनागॅरेज
मी थोडा वेगळा अनुभव सांगतो, राग मानू नका. नळी काढून बसवलेल्या एमजीबी मी बघितल्यात आणि त्या चालतात. शिम मिळत नाहीत, डायल गेज प्रत्येकाकडे नसतो, आणि शिमचा हिशेब चुकवून घट्ट बसवलेल्या हबपेक्षा नळीशिवाय नीट लावलेला हब केव्हाही बरा असं माझं मत आहे. क्रोमबंपर यांच्या मित्राला उगाच चुकीचं ठरवू नये.

वंगणवाला
जुनागॅरेज दादा, राग कसला, चालतात हे मलाही मान्य आहे. बेअरिंगपुरतं बघितलं तर नळी नसली तरी बेअरिंगला फरक पडत नाही, प्ले बरोबर असला की झालं. मला काळजी आहे ती स्टब अ‍ॅक्सलची. नळी दाबून बसली की अ‍ॅक्सल ताणाखाली राहतो आणि नळी दाबाखाली, दोघं मिळून एकच जाड दांडा असल्यासारखे वाकण्याला विरोध करतात. नळी काढली की जोरात वळण घेताना चाकाचा सगळा रेटा एकटा अ‍ॅक्सल घेतो, आणि तो सगळ्यात जास्त वाकतो कुठे तर आतल्या बेअरिंगच्या मागे, खांद्याशी. पन्नास वर्षं जुन्या लोखंडाला त्याच जागी रोज थोडं थोडं वाकवत राहायचं मला पटत नाही. ज्यांनी ही गाडी आखली त्यांनी १९६२ पासून १९८० पर्यंत नळी ठेवली, ते स्वस्तात नळी वगळू शकले असते.

आणि शिम अवघड आहे ही भीती जरा जास्त आहे असं मला वाटतं. काम किचकट नाही, फक्त नट परत परत खोलावा लागतो. सांगतो.

थाउमधे बोलूया, एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. शिम ३, ५ आणि १० थाउच्या येतात. हवा असलेला प्ले २ ते ४ थाउ, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिमी. कप हबमधे बसवून झाले की आधी नळी घालून पण एकही शिम न घालता हब चढवा, सील आत्ता लावू नका आणि ग्रीसही भरू नका, नुसतं पातळ तेलाचं बोट फिरवा. सील घासतं आणि घट्ट ग्रीस रोलरला धरून ठेवतं, दोन्हीमुळे गेज खोटं बोलतं. नट हळूहळू आवळा, हब फिरवत राहा, फिरायला जड व्हायला लागला की थांबा. याचा उपयोग एवढाच की कप तळाशी टेकले नसतील तर टेकतात. मग नट, वॉशर, बाहेरचा कोन काढा आणि नळीवर भरपूर शिम ठेवा, मुद्दाम जास्त. समजा १०, १०, ५, ३, ३ ठेवल्या, ३१ थाउ झाल्या. कोन, वॉशर, नट परत, आता ४० फूट-पौंडाला नीट आवळा. डायल गेजचा मॅग्नेट डिस्कवर, काटा अ‍ॅक्सलच्या टोकावर. हब दोन्ही हातांनी धरून आत ढकला, जरासा डावीकडे उजवीकडे फिरवत ढकला म्हणजे रोलर बसतात, काटा शून्यावर आणा, मग तसाच फिरवत बाहेर ओढा. समजा १९ थाउ आलं. तुम्हाला हवंय ३. म्हणजे १६ काढायच्या, १० ची एक आणि ३ च्या दोन. उरल्या १० आणि ५. परत आवळा, परत मोजा, ३ च्या जवळ आलं पाहिजे. आलं नाही तर बहुतेक एखादी शिम दुमडलीय नाहीतर कपाखाली कचरा आहे, शिमशी भांडत बसू नका, कप बघा.

कॉटर पिनचं भोक जुळवताना ४० पासून पुढे जायचं, ७० पर्यंत मुभा दिलीय ती त्यासाठीच आहे. भोकासाठी नट मागे घ्यायचा नाही. ७० लाही जुळलं नाही तर वॉशर बदलून बघा. न्यूटन मीटरचा टॉर्क पाना असेल तर ५४ ते ९५.

खराद
वर सगळं कप बसवल्यावरचं चाललंय, कप निघायचं आणि बसायचं मी सांगतो कारण हब तिथेच बिघडतो.

कॅलिपरच्या दोन बोल्टच्या मागची लॉकची पाती आधी सरळ करा, कॅलिपर काढून तारेनं स्प्रिंगला टांगा, ब्रेक होजवर लोंबकळत सोडू नका. होज खोलायची गरजच नाही. आत जी काळी धूळ दिसेल ती हवेनं उडवू नका, या वयाच्या गाडीत जुन्या पॅडच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. डिस्क हबला बोल्टनं लावलेली असते, बेअरिंगसाठी ती वेगळी करायची गरज नाही, सगळं एकत्रच बाहेर येतं. नळी काढताना तिची बाहेरची बाजू कोणती ते खूण करून ठेवा, आतला कोन आणि कॉलर बऱ्याचदा अ‍ॅक्सलवरच राहतात.

कप ठोकायला पितळी दांडा घ्या, पोलादी छिन्नी नको. हबच्या आतून कपाची कडा थोडी दिसते, तिथे एक ठोका या बाजूला, एक समोर, असा आलटून पालटून. एकाच बाजूला ठोकत राहिलं की कप तिरपा होतो, हबची भिंत खरवडतो आणि मग नवीन कप कायमचा सैल. अजिबात हलेना तर वेल्डिंगवाल्याकडून कपाच्या आतल्या गोल पृष्ठावर वेल्डची एक रेघ फिरवून घ्या. थंड होताना ती रेघ आकसते, कपालाही आकसवते आणि तो हातानं निघतो. त्याआधी हबमधलं ग्रीस पूर्ण धुवून काढा, पेट घेतं.

नवीन कप रात्रभर फ्रीजरमधे, हब उन्हात किंवा गरम हवेनं कोमट. जुन्या कपाला एका बाजूनं ग्राइंडरनं आरपार चीर देऊन घ्या, तो उलटा ठेवून त्यावरून ठोकायचं, चीर असल्यामुळे तो स्वतः अडकत नाही आणि जोर सगळ्या कडेवर सारखा जातो. ठोकताना कान द्या. कप सरकत असतो तोवर आवाज बोदा येतो, तळाला टेकला की टण्ण असा कोरडा आणि टणक येतो, हातालाही हातोडा उसळल्याचा झटका लागतो. तरी खात्रीला सगळीकडून बारीक फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा, कुठेही शिरायला नको.

कप आणि कोन एकाच सेटचे वापरा. नवीन कोन जुन्या कपात चालवू नका, कप वरून कितीही चकचकीत दिसला तरी. आणि हबमधे कप बोटानं फिरतोय असं दिसलं तर सेंटर पंचचे टिपके मारून बसवायची जी पद्धत आहे ती करू नका, टिपके काही दिवसांत दबून सपाट होतात. हब बदला.

क्रोमबंपर
सगळ्यांचे खरंच आभार, इतकं मोकळेपणानं लिहिलंत. ब्रेक दाबून बघितलं, टकटक गेली, म्हणजे बेअरिंगच. मग हब उघडला. बाहेरचं बेअरिंग ठीक दिसतंय, आतलं मात्र गेलंय. ग्रीस चहासारखं तांबूस झालेलं, रॉकेलनं धुतलं तर कपावर खालच्या बाजूला आडव्या काळपट रेघा आहेत, रोलरच्या अंतरावर एकेक, नख लावलं तर अडकतं. एका रेघेवरून टिकल्यासारखा पापुद्रा निघालाय. नळी जागेवर आहे, शिमही आहेत. अ‍ॅक्सलवर कोन बसतो तिथे जरा डाग आहेत. नळी ठेवायची हे ठरलं, मित्रालाही वाचून दाखवलं, त्याला पटलं.

दोन गोष्टी विचारायच्यात. अ‍ॅक्सलवरच्या डागांचं काय? आणि ग्रीस कुठलं, किती? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

खराद
रोलरच्या अंतरावर रेघा म्हणजे गाडी उभी असताना ग्रीसमधे पाणी शिरलं आणि रोलर जिथे टेकून थांबले होते तिथे गंज चढला. मग गाडी चालू झाली की त्या गंजाच्या खड्ड्यापासून पोलादाचा पापुद्रा सुटायला लागतो, तुमचा घुर्र तिथूनच येत होता. सील म्हातारं झालेलं असणार. नवीन सीलचा ओठ ज्या कॉलरवर फिरतो ती कॉलरही बघा, तिच्यावर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवीन सीलही पाणी घेणार.

अ‍ॅक्सलला बारीक पॉलिश पेपर फिरवा, नुसता रंग बदललेला असेल आणि नवा कोन हातानं ढकलून जेमतेम सरकत असेल, डुलत नसेल, तर काही अडचण नाही. हाताला पायरी लागली किंवा निळा रंग दिसला तर अ‍ॅक्सल बदला. आणि एवढं उघडलंच आहे तर खांद्याशी, जिथे अ‍ॅक्सल जाड होतो त्या गोलाईत, डाय पेनिट्रंट मारून तडा आहे का बघून घ्या. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटते. उघडलेल्या हबला हे न करता बंद करणं मला चुकीचं वाटतं.

वंगणवाला
ग्रीसचं सांगतो. एनएलजीआय २ नंबरचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर), लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, डब्यावर व्हील बेअरिंगसाठी असं लिहिलेलं. डिस्क ब्रेकच्या शेजारी हब तापतो म्हणून लिथियम कॉम्प्लेक्स जास्त बरं. डब्यावर जीसी-एलबी असं दिसलं तर डोळे मिटून घ्या, जीसी हा चाकाच्या बेअरिंगसाठीचा वरचा दर्जा आहे आणि एलबी चासीसाठीचा. जुन्या ग्रीसवर नवं थापू नका. ग्रीस घट्ट करायला आत काहीतरी मिसळलेलं असतं, कुणात लिथियमचा साबण, कुणात माती, कुणात पॉलियुरिया, यातले काही एकत्र आले की पातळ होऊन वाहतात. म्हणून हब, नळी, कॅप सगळं धुवून कोरडं करून मगच. आणि धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेनं गरगर फिरवायचा मोह होतो, तो टाळा. कोरडे रोलर त्या वेगात एकमेकांना खरवडतात आणि पिंजरा तुटला तर रोलर गोळीसारखा सुटतो. हवा मारायची तर बेअरिंग हातात घट्ट धरून, फिरू न देता.

भरायची पद्धत अशी. डाव्या तळव्यावर लिंबाएवढं ग्रीस घ्या, उजव्या हातात बेअरिंग उभं धरा, रुंद बाजू खाली, आणि कडा तळव्यावर दाबत दाबत ग्रीस आत रेटा, जोपर्यंत वरच्या अरुंद बाजूनं रोलरच्या फटींमधून ग्रीसचे दोरे बाहेर येत नाहीत तोपर्यंत. मग थोडं फिरवून पुढची जागा. पूर्ण वळसा झाला की बाहेरून एक हात. नुसतं वरून चोपडलेलं ग्रीस रोलरच्या आत पोचत नाही आणि कोरडं बेअरिंग थोड्याच दिवसांत ओरडायला लागतं. हबच्या पोकळीत दोन कपांच्या मधे साधारण एक तृतीयांश ते निम्मी जागा भरा, कॅपमधे भरू नका. गच्च भरलं की ग्रीस घुसळून तापतं, फुगतं आणि सीलमधून डिस्कवर येतं. नव्या बेअरिंगवरचं कंपनीचं तेल धुवायची गरज नाही, वर ग्रीस भरा.

क्रम लक्षात ठेवा, शिमचं मोजमाप सगळं आधी उरकायचं, मग हब परत उतरवून ग्रीस आणि सील, मग शेवटचं चढवणं. सीलच्या ओठावर ग्रीसचं बोट फिरवा, कोरडं सील पहिल्याच फेरीत जळतं. कॉटर पिन नेहमी नवीन.

हातपाना
कॅलिपर परत लावताना डिस्कवर ग्रीसचा एकही ठसा नको, ब्रेक क्लीनरनं दोन्ही बाजू पुसा. बोल्ट ४० ते ४५ फूट-पौंड आणि लॉकची पाती परत मुडपायला विसरू नका. चाक लावायच्या आधी पेडल दोनतीनदा मारून पिस्टन पॅडला टेकवून घ्या, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पेडल तळाला जाईल.

क्रोमबंपर
झालं काम. पेनिट्रंट मारला, तडा नाही. कॉलरवर खाच होती म्हणून तीही बदलली. डाव्या बाजूला शेवटी ३ थाउ प्ले मिळाला, नटाचं भोक ५५ च्या आसपास जुळलं. चालवून आलो, आवाज पूर्ण गेला आणि ब्रेकही पहिल्याच दाबाला वर लागतो, ते बघून जास्त बरं वाटलं. हब हाताला कोमट लागला, डिस्कच्या उष्णतेइतकाच वाटला. उजवी बाजू अजून उघडलेली नाही, तिकडे आवाजही नाही आणि टकटकही नाही. तिचंही बेअरिंग आत्ताच बदलू का?

वंगणवाला
उघडा, पण बदलायचं का ते बघून ठरवा. उजवीकडचं ग्रीसही तेवढंच जुनं आहे आणि सीलही, गाडी दोन्ही चाकांवर सारखीच उभी होती. धुवून कपावर नख फिरवा, रेघ नसेल, रोलर एकसारखे राखाडी असतील, निळे नसतील तर तीच बेअरिंग परत ग्रीस भरून लावा, सील नवीन टाका. त्या बाजूच्या शिम वेगळ्या ठेवा, डावीकडच्या हिशेबात मिसळू नका, आणि तीच बेअरिंग परत लावली तरी प्ले एकदा मोजाच. डावीकडचाही काही दिवस चालवल्यावर परत बघा, नवे कप पहिल्या धावेत किंचित अजून आत बसले असतील तर प्ले ३ वरून ५ झालेला दिसेल. तसं झालं तर ५ ची शिम काढून तिथे ३ ची घाला, बाकी काही करावं लागत नाही.